गड्ड्यानंतरची पहिली पाळी : सूत गिरणीतल्या एका कामगाराच्या दम्याचं प्रकरण

रुग्ण ४६ वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. एका सूत गिरणीच्या कार्डिंग, म्हणजे रुई विंचरण्याच्या, खात्यात २२ वर्षं नोकरी. तक्रार तीन वर्षांपासूनची: कोरडा खोकला, अधूनमधून दम, छाती आवळून धरल्यासारखी वाटणं. आमच्या छातीविकार बाह्यरुग्ण विभागात आले तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या कागदांचा गठ्ठा होता. दोन एक्स-रे, दोन्ही स्वच्छ. थुंकीची सीबीनॅट तपासणी दोनदा, क्षयाचे जंतू नाहीत. रक्तात इओसिनोफिल ३ टक्के, आयजीई मर्यादेत, म्हणजे ॲलर्जीकडे बोट दाखवावं असं काही नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, दोनदा झालेली, दोन्ही वेळा सामान्य. ‘दमा असावा’ म्हणून साल्बुटामॉलचा पंप दिलेला. दम लागला की ते तो ओढायचे, थोडं बरं वाटायचं.

(हे प्रकरण रुग्णाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सगळे रिपोर्ट चांगले आणि माणूस मात्र खंगत चाललेला, अशी ही अवस्था. अशा रुग्णाला शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं जातं आणि त्यांनाही ते सांगून झालं होतं. पण कागद तारखेने लावल्यावर एक गोष्ट दिसली. दोन्ही स्पायरोमेट्री बुधवारच्या. एक एक्स-रे बुधवारचा. आमच्याकडे आले तोही वार बुधवारच. कारण सरळ होतं. गिरणी आठवड्याचे सातही दिवस चालते आणि सुट्ट्या वाटून दिलेल्या असतात. यांची साप्ताहिक सुट्टी बुधवारी. खाडा पडू नये म्हणून डॉक्टरकडे जायचं ते सुट्टीच्या दिवशीच.

सोबत त्यांची बायको होती. गेल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त त्रास कधी झाला, असं विचारलं तेव्हा उत्तर त्यांनी दिलं. ‘‘गड्डा झाला की हे पडतेतच बघा डॉक्टर. दरवर्षी. गड्ड्यात धूळ लई उडते की.’’

सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे सोलापूरकरांचा गड्डा. संक्रांतीच्या सुमाराला होम मैदानावर गर्दी लोटते, धूळ उडते, थंडीही असते. त्यामुळे घरच्यांनी लावलेला अर्थ चुकीचा वाटण्यासारखा मुळीच नव्हता. आम्ही पुढे विचारलं, ‘‘मामा, गड्ड्यात फिरता तेव्हाच दम लागतो का?’’

‘‘नाही ओ. तवा तर चांगला असतो. नंदीध्वजाच्या मागं पाक फिरतो की. कामावर गेलो त्या दिवशी होतं.’’

यात्रेसाठी ते दरवर्षी सलग चार-पाच दिवस रजा घेतात. रजा संपून पहिल्या पाळीला उभे राहिले की दोन-तीन तासांनी छाती आवळायला लागते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शर्टाचं वरचं बटण उघडावं लागतं, संध्याकाळी अंगात कणकण भरते. दुसऱ्या दिवशी त्रास कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. दर गुरुवारीही हेच, फक्त थोडं हलकं. धूळ गड्ड्यातली असती तर त्रास गड्ड्यात व्हायला हवा होता. इथे सुट्टी जितकी लांब, तितकी परतीची पाळी जड जात होती.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराचं हे जवळजवळ नेमकं वर्णन आहे. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला आणि लक्षणांवरून प्रती ठरवल्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कधीतरी छाती आवळणं ही अर्धी प्रत. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळणं ही पहिली. पहिल्या दिवसाबरोबर इतर दिवशीही त्रास ही दुसरी. आणि कायमची कार्यक्षमता घटली की तिसरी. लँकशायरमध्ये रविवारी गिरण्या बंद असायच्या, त्यामुळे त्यांच्या प्रश्नावलीत ‘सोमवारी छाती आवळते का?’ असा प्रश्न होता. हाच प्रश्न जसाच्या तसा आमच्या मामांना विचारला असता तर उत्तर ‘नाही’ आलं असतं. त्यांचा सोमवार गुरुवारी उगवतो. त्यांच्याच खात्यातल्या दुसऱ्या कामगाराचा शनिवारी उगवत असेल.

संशय पक्का होता, पुरावा नव्हता. दम्याचं निदान कागदावर आधीच बसलेलं असताना ते हलवायचं तर आकडे लागतात. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, घरच्या घरी पीक फ्लो, म्हणजे श्वास बाहेर टाकण्याचा कमाल वेग, मोजायचा. दोन, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीच्या आधी आणि नंतर गिरणीतच स्पायरोमेट्री करायची.

पीक फ्लो मीटर ही एक साधी नळी. जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा वाचायचा. दिवसातून चार वेळा फुंकायचं, प्रत्येक वेळी तीन फुंका, त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. लिहिण्याचं काम बारावीतल्या मुलीने अंगावर घेतलं. तिने शंभर पानी वहीत पट्टीने रकाने आखले: कामाआधी, जेवणाच्या सुट्टीत, पाळी सुटल्यावर, रात्री झोपताना. सुट्टीच्या दिवसाला लाल टिंब. आम्ही न सांगता तिने शेवटी एक रकाना वाढवला, ‘इतर’. त्यात बारीक अक्षरात नोंदी आहेत: ‘जेवले नाहीत’, ‘अंग गरम’, ‘आज बरे’. मीटर गिरणीत नेऊन जेवणाच्या सुट्टीत फुंकायला मामा आधी लाजत होते. पहिल्या आठवड्यात तो रकाना रिकामाच आहे. मग कोणीतरी सहकारी त्यांच्याबरोबर बसायला लागला आणि रकाना भरला.

त्या वहीतला एक गुरुवार असा: कामाआधी ४२०, जेवणाच्या सुट्टीत ३७०, पाळी सुटल्यावर ३४०, रात्री ३३०. इतर: ‘अंग गरम, छाती जड’. शुक्रवारी ३९० वरून ३६०. शनिवारी ४०० वरून ३८०. पुढच्या बुधवारी, लाल टिंबाच्या दिवशी, रात्रीचा आकडा ४३०, आठवड्यातला सर्वांत चांगला. हाच नमुना आठवड्यामागून आठवडा उमटलेला होता.

या बुधवारच्या आकड्याने आणखी एक प्रश्न निकाली निघाला. बायको घरी विड्या वळतात. दहा बाय बाराच्या खोलीत तंबाखूचं सूप मांडलेलं असतं, तेंदूपत्ता कापायचं काम तिथेच चालतं, तंबाखूचा वास आणि बारीक धूळ दिवसभर खोलीत असते. पूर्व भागातल्या हजारो घरांत हेच चित्र आहे. शिवाय मामा स्वतः दहा वर्षांपूर्वीपर्यंत विडी ओढायचे. कोणीही म्हणेल, छातीचं कारण घरातच आहे. पण बुधवारी ते दिवसभर त्याच खोलीत असतात आणि त्याच दिवशी त्यांची छाती सर्वांत मोकळी असते. तंबाखूच्या धुळीने त्यांचं काहीच बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही; जुन्या विडीने तर नक्कीच काही गमावलं असेल. पण गुरुवारी दुपारी जे घडतं त्याचं कारण त्या खोलीत नाही, हे वहीने दाखवलं.

नेहमीचा व्यावसायिक दमा आणि हा आजार यांतला फरकही इथेच कळतो. पीठ, रंग, रसायनं यांच्या ॲलर्जीने होणारा दमा आठवडा पुढे सरकेल तसा साधारणपणे वाढत जातो आणि सुट्टीत उतरतो. बिसिनोसिसमध्ये पहिला दिवस सर्वांत वाईट आणि मग शरीर काही काळापुरतं त्या धुळीला सरावतं. सुट्टीत हा सराव मोडतो. म्हणून लांब सुट्टी म्हणजे मोठा फटका.

गिरणीत स्पायरोमेट्री करायला व्यवस्थापनाने परवानगी दिली याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. अशी दारं सहसा उघडत नाहीत. कँटीनलगतची एक खोली मिळाली. उपकरण तीन लिटरच्या सिरिंजने तिथेच पडताळून घेतलं. सकाळी सातच्या पाळीआधी आणि तीन वाजता पाळी सुटल्यावर, त्याच खुर्चीवर, त्याच तंत्रज्ञाच्या समोर चाचणी झाली. किमान तीन स्वीकारार्ह फुंका, त्यातल्या सर्वांत चांगल्या दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त तफावत नको, हा नियम काटेकोर पाळला. दिवसभर राबलेला माणूस तीन वाजता मनापासून फुंकेलच असं नाही, आणि थकव्याने पडलेला आकडा आजाराने पडलेला समजला गेला तर सगळंच फुकट.

पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, सकाळी २.६८ लिटर होती. तीन वाजता २.२१ लिटर. घट ४७० मिलिलिटर, म्हणजे साडेसतरा टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८३ च्या वर्गीकरणात पाळीदरम्यानची १० ते २० टक्के घट मध्यम परिणामात धरली जाते. निरोगी माणसाची फुप्फुसं पहाटे सर्वांत आखडलेली असतात आणि दुपारपर्यंत थोडी मोकळी होतात. सकाळी सात ते दुपारी तीन या वेळात एफईव्ही-१ खरं तर किंचित वाढायला हवी. म्हणजे ही साडेसतरा टक्के घट शरीराच्या स्वाभाविक चढत्या लयीच्या विरुद्ध झालेली आहे. तीन वाजता साल्बुटामॉल देऊन पुन्हा मोजलं तर आकडा २.४४ वर आला. सुधारणा झाली, पण दम्यात अपेक्षित १२ टक्क्यांची रेषा तिने गाठली नाही.

त्याच आठवड्यात रविवारी, म्हणजे कामाच्या चौथ्या दिवशी, हीच चाचणी पुन्हा केली: सकाळी २.६२, दुपारी २.४७. घट सहा टक्क्यांच्या आत. आणि आमच्या विभागात बुधवारी? २.७१, वयाच्या आणि उंचीच्या मानाने अगदी सामान्य. माणूस तोच, फुप्फुसं तीच. कोणत्या वारी, किती वाजता मोजलं यावर रिपोर्ट ठरत होता.

गुरुवारी सकाळी आणि दुपारी रक्तही घेतलं. पांढऱ्या पेशी ७,२०० वरून १०,९०० वर गेल्या, वाढ मुख्यतः न्यूट्रोफिलची. एवढ्यावर निदान होत नाही, दिवसाच्या वेळेनुसारही या पेशी थोड्या चढतात. पण इओसिनोफिल न हलता न्यूट्रोफिल चढणं हे ॲलर्जीपेक्षा वेगळ्या वाटेकडे बोट दाखवतं, आणि ती वाट आता बरीच माहीत आहे.

कापसाच्या बोंडाभोवतीची वाळलेली पानं, देठाचे तुकडे, माती हे सगळं रुईबरोबर गाठीत येतं. त्यावर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू वाढलेले असतात. ब्लो रूममध्ये गाठी फोडल्या जातात आणि कार्डिंगमध्ये तारांच्या दातांनी रुई विंचरून तिचा पेळू होतो तेव्हा हा कचरा भुगा होऊन हवेत उडतो. त्या जिवाणूंच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन श्वासनलिकांत गेलं की न्यूट्रोफिल धावून येतात, नलिका आखडतात, काहींना ताप येतो. अमेरिकेत कॅस्टेलन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत कार्डिंगची खोलीच उभारली, निरोगी स्वयंसेवकांना वेगवेगळ्या कापसाच्या धुळीत बसवलं आणि फुंकून घेतलं. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की एफईव्ही-१ मधली घट धुळीच्या वजनापेक्षा तिच्यातल्या एन्डोटॉक्सिनशी जास्त जुळते. परिणाम शून्यावर येण्याची पातळी त्यांनी हवेच्या दर घनमीटरमागे ९ नॅनोग्रॅम अशी काढली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. डोळ्यांना दिसणारे कापसाचे तंतू हा मोठा गुन्हेगार नव्हेच. ते नाकातच अडकतात. कामगार तोंडाला जो रुमाल बांधतात तो हेच तंतू अडवतो आणि खरी घातक बारीक धूळ त्यातून आरपार जाते.

गिरणीतली धूळ आम्ही मोजली नाही. त्यासाठी मोठे तंतू वगळून फक्त १५ मायक्रॉनपर्यंतचे कण पकडणारं व्हर्टिकल एल्युट्रिएटर लागतं, ते आमच्याकडे नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतकताईसाठी घालून दिलेली हवेच्या दर घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा याच उपकरणाच्या मोजमापावर उभी आहे, त्यामुळे दुसऱ्या साध्या यंत्राने मोजून तुलना केली असती तर ती फसवी ठरली असती. निदानासाठी त्याची गरजही नव्हती. २२ वर्षं कार्डिंग, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीचा ठरावीक त्रास, आणि पाळीदरम्यान मोजलेली घट, एवढं पुरे आहे. सीटी स्कॅनही आम्ही केला नाही. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिससारखी खूण या आजारात फोटोवर उमटत नाही. कामगाराचे हजारो रुपये घालवून पुन्हा एक ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात पडला असता आणि तोच पुढे त्याच्याविरुद्ध वापरला गेला असता.

निदान: बिसिनोसिस, शिलिंगची दुसरी प्रत. कारण गुरुवारचा त्रास आता शुक्रवार-शनिवारीही उरू लागला होता.

यावर औषधापेक्षा धुळीतून बाहेर काढणं हाच उपचार. हे सांगायला सोपं आणि ऐकायला भयंकर आहे. मामांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग घर कसं चालायचं?’’ कार्डिंगच्या कुशल कामगाराचा पगार दुसऱ्या खात्यात तसाच राहील याची हमी कुणी देत नाही. मुलगी बारावीला. विड्यांच्या मजुरीवर घर चालत नाही. आम्ही पत्र लिहिलं, सोबत वहीच्या झेरॉक्स आणि दोन्ही पाळ्यांचे आलेख जोडले, आणि खाते बदलाची शिफारस केली. दोनेक महिने काही हललं नाही. मग वाइंडिंगमध्ये, म्हणजे तयार सूत गुंडाळण्याच्या खात्यात, जागा निघाली. तिथेही धूळ असते, पण कार्डिंगच्या मानाने खूपच कमी. पगारात थोडी घट झाली, ती त्यांनी सोसली. ती त्यांनी का सोसावी, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि हे मला डाचत राहतं.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बिसिनोसिसला अधिसूचित रोगांच्या यादीत घातलं आणि असा रुग्ण आढळल्यास कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवर टाकली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीतही तो व्यावसायिक रोग म्हणून होता. तिथे त्याच्या शेजारीच बगॅसोसिस होता, उसाच्या कुजक्या चिपाडाच्या धुळीचा आजार. साखर कारखान्यांनी भरलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी ती यादी एकदा नजरेखालून घालावी, असं मनापासून वाटतं. आपल्याकडे हा आजार नाही, असा समज बराच काळ होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत आणि मुंबईत केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने गिरणी कामगारांत तो शोधून दाखवला. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. तेव्हापासून किती पिढ्या या धुळीत श्वास घेत आल्या याचा विचार केला की ‘आमच्याकडे असे पेशंट येत नाहीत’ हे वाक्य ऐकवत नाही. पेशंट येतात. सुट्टीच्या दिवशी येतात.

आम्ही रोगाची सूचना रीतसर पाठवली आणि विमा योजनेकडे व्यावसायिक रोगाचा दावा दाखल करायला मामांना मदत केली. दावा विशेष वैद्यकीय मंडळापुढे आहे. पहिली विचारणा अपेक्षेप्रमाणे ‘एक्स-रेमध्ये काय दिसतं?’ अशी आली. उत्तरात आम्ही एक्स-रे स्वच्छ असल्याचं आणि या आजारात तो स्वच्छच असतो हे लिहिलं, आणि पाळीआधीचे-नंतरचे आलेख पुन्हा जोडले.

खाते बदलल्यानंतरचा पहिला गड्डा यंदा झाला. मामा यात्रेला पाच दिवस रजेवर होते. परतल्यावर वाइंडिंगच्या पहिल्या पाळीआधी एफईव्ही-१ २.७४, नंतर २.६५. घट साडेतीन टक्क्यांच्या आत. छाती आवळली का, तर ‘थोडं जाणवलं’. पंप महिन्यातून एखाद्या वेळी लागतो. शांघायमध्ये १९८१ पासून कापूस आणि रेशीम गिरण्यांतल्या कामगारांचा जो प्रदीर्घ पाठपुरावा झाला, त्यात धुळीपासून दूर गेल्यावर फुप्फुसं काही प्रमाणात सावरतात असं दिसलं आहे. मामांची किती सावरतील ते दर सहा महिन्यांच्या मोजणीतून कळेल.

गिरणीने दरम्यान एक चांगला बदल केला. पाळी संपताना कॉम्प्रेसरची हवा मारून यंत्रं साफ करायची पद्धत होती. त्याने यंत्रावर बसलेली सगळी बारीक धूळ पुन्हा हवेत जायची, नेमकी पुढची पाळी आत शिरताना. आता कार्डिंगमध्ये शोषण यंत्राने सफाई होते. बाकी खात्यांत अजून कॉम्प्रेसरच आहे.

कार्डिंग आणि ब्लो रूममधल्या इतर कामगारांना आम्ही आता प्रश्न बदलून विचारतो. आधी ‘तुमची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी?’ आणि मग ‘सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्या दिवशी छाती कशी असते? दुसऱ्या दिवशी? गड्ड्यानंतर?’ काही जणांनी मामांसारखंच वर्णन केलं. त्यांच्या ज्याच्या त्याच्या पहिल्या पाळीला स्पायरोमेट्री सुरू आहे. ती एप्रिलच्या आत उरकायची आहे. कँटीनलगतच्या त्या पत्र्याच्या खोलीचं तापमान उन्हाळ्यात दुपारी चाळीस अंशांच्या पुढे जातं, आणि तेवढ्या उष्णतेत स्पायरोमीटरच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.